पंख्याला कानस लावण्याआधी: ओबीएमचा प्रोपेलर कसा जुळवावा

बडोद्याच्या आसपास आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे टांगायचं इंजिन), म्हणजे अग्निशमन दलाच्या भाषेत ओबीएम, मुख्यतः दोन कामांना लागतं. एक, चांदोदच्या घाटावरून यात्रेकरूंना संगमावर आणि कर्नाळीच्या कुबेर भंडारीला नेणाऱ्या होड्या. दुसरं, पावसाळ्यात विश्वामित्री पात्र सोडून सोसायट्यांत शिरली की फिरणाऱ्या रबरी बचाव-होड्या. दोन्हीकडची तक्रार ठरलेली: इंजिन चाळीस घोड्यांचं, आवाज मोठा, पण माणसं बसली की होडी ओढत नाही. मग कुणीतरी पंखा काढतो, कडा घासतो, पॉलिश मारून चकचकीत करतो आणि फरक पडला असं सांगतो. फरक पडलेला असतोच, पण बहुतेक वेळा उलट्या बाजूला.

पंखा बरोबर आहे की नाही हे पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या भारासह, इंजिन किती फेरे घेतं यावरून कळतं. म्हणून आधी आरपीएम (मिनिटाला फेरे), मग पिच, मग इंजिनची उंची, आणि कानस सगळ्यात शेवटी.

आरपीएम

प्रत्येक इंजिनच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम-पट्टा छापलेला असतो. या आकाराच्या टू-स्ट्रोकला तो बहुधा ४५०० ते ५५००, फोर-स्ट्रोकला ५००० ते ६००० असतो. अंदाजावर न जाता आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून घ्या. पूर्ण भारात इंजिन शक्यतो या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला हवं. पट्ट्याच्या खाली अडकलं तर थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन भरपूर, पण फिरायला वाव नाही, अशी अवस्था होते: इंजिन कोंडल्यासारखं चालतं, कार्बन साचतो, डेटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) होऊन पिस्टन जातो. पट्ट्याच्या वर गेलं तर लिमिटर असलेलं इंजिन हिसके देतं आणि नसलेलं मुकाट्याने बेअरिंग खातं.

लहान टिलर-इंजिनांना (दांड्याने वळवायच्या) टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारा काटा, नसतो. स्पार्क प्लगच्या वायरीला चार-पाच वेढे देऊन बसवायचा छोटा डिजिटल टॅको पुरतो. त्याचं सेटिंग मात्र तपासा. टू-स्ट्रोकमध्ये त्या वायरीत प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी असते. बऱ्याच फोर-स्ट्रोक ओबीएममध्येही एक ठिणगी वाया घालवणारं इग्निशन असल्यामुळे तेवढीच असते. मोटारसायकलच्या सवयीने ‘दोन फेऱ्यांना एक’ ठेवलं तर आकडा दुप्पट दिसतो.

चाचणी घेताना टाकी अर्धी, माणसं नेहमीइतकी, ट्रिम पिन (इंजिनचा कल ठरवणारी) नेहमीच्या भोकात. वाऱ्याविरुद्ध आणि वाऱ्याबरोबर, नदीत असाल तर प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर, अशी दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल ठेवून जीपीएसचा वेग आणि आरपीएम लिहा, मग सरासरी काढा. नर्मदेत एकाच दिशेचा आकडा निरुपयोगी असतो. धरणातून सोडलेल्या पाण्यावर चांदोदचा प्रवाह बदलतो, त्यामुळे सकाळचा वेग दुपारी जुळत नाही.

हवामानाचाही हिशोब ठेवा. जानेवारीत १२ अंशांच्या सकाळी घेतलेली चाचणी मे महिन्यात ४२ अंशांवर लागू पडत नाही. गरम हवा विरळ, त्यामुळे ताकद ५ ते १० टक्के उतरते. पंखा ओढायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून आरपीएमवरचा परिणाम लहान, साधारण १०० ते १५०. एवढ्यासाठी पंखा बदलू नका, पण चाचणीच्या वहीत तापमानाचा रकाना ठेवा.

पिच आणि स्लिप

पंख्याच्या हबवर (मधल्या गोल भागावर) दोन आकडे असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरला असता तर एका फेऱ्यात किती पुढे गेला असता ते अंतर. पाणी लाकूड नाही, म्हणून प्रत्यक्षात तो कमी सरकतो. ही तूट म्हणजे स्लिप.

हिशोब सोपा आहे. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे) भागा, पिचच्या इंचांनी गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा; तासाला किलोमीटर मिळतात. ५२०० आरपीएम, २:१ रेशो, १३ पिच: सैद्धांतिक वेग ५१.५. जीपीएसवर ४२ आले तर स्लिप साडेअठरा टक्के. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीला १० ते १५ टक्के चांगले, भरलेल्या रबरी होडीला २० ते ३० चालतात. कालपर्यंत १८ होती आणि आज त्याच भारात २८ झाली, तर पातं वाकलंय, हब सरकतोय किंवा पंखा हवा ओढतोय. म्हणूनच मला नुसत्या वेगापेक्षा स्लिपचा आकडा जास्त कामाचा वाटतो.

पिच एक इंच कमी केली की आरपीएम १५० ते २०० वाढतो. व्यासाचा एक इंच दोन-तीन इंच पिचइतका भार घेतो, म्हणून व्यास आणि पिच एकाच वेळी बदलून नंतर कोडं सोडवत बसू नये.

उदाहरण घेऊ. ५००० ते ६००० पट्ट्याचं चाळीसचं इंजिन, पंखा १३ पिच. दोन माणसांसह ५४००, आठ माणसांसह ४७००. लक्ष्य भरलेल्या होडीत ५३००: वरच्या अर्ध्याच्या थोडं खाली, कारण त्यापुढे नेलं तर रिकामी होडी पट्टा ओलांडेल. सहाशे फेरे हवेत, म्हणजे तीन इंच कमी: १० पिच. त्याच पंख्यावर रिकामी होडी ६००० पर्यंत जाईल, बरोबर मर्यादेवर. बचावाच्या होडीसाठी हाच पंखा योग्य, फक्त रिकामी परतताना थ्रॉटल थोडा मागे ठेवायचा. रिकाम्या होडीचा वेग पाहून पंखा घेणारे इथेच फसतात. खरेदीच्या दिवशी होडी पळते आणि पुराच्या दिवशी बसते.

पंखा बदलल्याने ओढ वाढते, होडीची क्षमता नाही. माणसांचा आकडा होडीवर लिहिलेला असतो, तोच शेवटचा. हरणीच्या तलावात जानेवारी २०२४ मध्ये जास्त माणसं भरलेली होडी उलटून शाळकरी मुलं बुडाली, ते बडोद्यात कुणाला नव्याने सांगायला नको.

चार पात्यांचा पंखा भरलेल्या होडीला चांगला: कमी वेगात पकड राहते, वळणात सुटत नाही, होडी लवकर उचलते. वरचा वेग थोडा जातो. तीनवरून चार पात्यांवर जाताना पिच एक इंच कमी घ्या, नाहीतर आरपीएम खाली येईल.

चांदोदच्या लांब लाकडी होड्यांचं गणित वेगळं. त्या पाणी कापत चालतात, उचलत नाहीत. पाण्याच्या रेषेवर ९ मीटर लांबीची होडी ताशी साधारण साडेतेरा किलोमीटरच्या पुढे जाणं जड असतं (लांबीच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणलं की नॉट मिळतात). त्यापुढे प्रत्येक किलोमीटरसाठी इंजिनची ताकद लाटा उठवण्यातच जाते. अशा होडीवर ५००० आरपीएमला ९ पिचचा पंखा सैद्धांतिक ३४ किलोमीटर मागतो, प्रत्यक्ष मिळतात १३. स्लिप साठ टक्क्यांवर. तिथे मोठं इंजिन घेण्यात अर्थ नाही. मोठा व्यास, मिळेल तेवढी कमी पिच आणि जास्त गिअर रेशोचं हाय-थ्रस्ट मॉडेल घ्यावं. साध्या इंजिनात रेशो दोनच्या आसपास असतो, काही हाय-थ्रस्ट मॉडेलांत तीनच्या जवळ जातो. पंखा सावकाश फिरतो, पण जास्त पाणी ढकलतो.

उंची

पंख्याच्या वरची आडवी पट्टी, अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली २५ मिलिमीटरपर्यंत असावी. मोजायला सरळ पट्टी तळाला लावून मागे धरा. इंजिन फार खाली असेल तर ओढ वाढते, फवारा उडतो, टिलर जड होतो. फार वर असेल तर वळणात पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो: आरपीएम एकदम उसळतो, होडी मंदावते, आणि कूलिंगची पिचकारी तुटक येऊ लागते. त्या पिचकारीकडे लक्ष ठेवा, तिच्यावर इंजिनचा जीव आहे.

बोल्टवर बसणाऱ्या इंजिनाला एक भोक वर-खाली केलं की साधारण १९ मिलिमीटर फरक पडतो. क्लॅम्पवाल्या लहान इंजिनाला भोकं नसतात. तिथे ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या) वरच्या कडेवर १० ते १२ मिलिमीटरची मरीन प्लायची पट्टी ठेवून इंजिन उचला आणि पुन्हा चाचणी घ्या. क्लॅम्पचे स्क्रू त्यानंतरही ट्रान्समच्या लाकडावर पूर्ण बसले पाहिजेत, आणि सेफ्टी दोरी बांधलेली हवीच. लाँग शाफ्ट (२० इंच) इंजिन शॉर्ट (१५ इंच) ट्रान्समवर टांगलेलं असेल तर पंख्याचा विचार सोडा, आधी ते दुरुस्त करा.

हवा ओढणं आणि कॅव्हिटेशन लोक एकच समजतात. हवा ओढताना वरची किंवा हबमधून येणारी एक्झॉस्टची हवा पात्यावर येते. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होते आणि तिचे बुडबुडे फुटून धातू टोचल्यासारखा खड्डेदार होतो. खड्डे दिसले तर त्यांच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पाणी जिथून येतं तिकडच्या कडेला, खाच शोधा. बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पाती मोजणं

पंखा काढण्याआधी किल-स्विचची दोरी काढा, इंजिन न्यूट्रलमध्ये घ्या आणि प्लगच्या टोप्या उतरवा. पात्यात आणि प्लेटमध्ये लाकडी ठोकळा अडकवूनच नट सोडवा.

इथे सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापासाठी अचूक सपाट केलेला तक्ता, लागते. कलाभवनासारखी जुनी तंत्रशिक्षण संस्था असलेल्या गावात आणि मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) शेजारी ती मिळायला अडचण नाही. कुठल्याही चांगल्या टूलरूममध्ये अर्धा तास मागून घ्या. हबच्या भोकात घट्ट बसेल असा सरळ मँड्रेल (गोल दांडी) लेथवर करून पंखा त्यावर उभा ठेवा. व्यासाच्या निम्म्याच्या ७० टक्क्यांवर प्रत्येक पात्याच्या मागच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या बाजूवर वर्तुळाची खूण करा; १२ इंची पंख्यावर ती मध्यापासून १०७ मिलिमीटरवर येते. त्या वर्तुळावर ३० अंशांच्या अंतराने दोन बिंदू घ्या आणि हाईट गेजने दोघांची उंची मोजा. उंचीतला फरक गुणिले १२ म्हणजे त्या पात्याची पिच, मिलिमीटरमध्ये.

१३ इंच पिच म्हणजे ३३० मिलिमीटर, तर फरक २७.५ यायला हवा. एका पात्यावर २७.५, दुसऱ्यावर २७.३ आणि तिसऱ्यावर २५.८ आला तर तिसरं पातं जवळपास पाऊण इंचाने सपाट झालंय. डोळ्यांना हे अजिबात दिसत नाही, आणि होडी थरथरते. मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर पिचमध्ये जवळजवळ अर्धा इंच चुकतो, म्हणून साध्या पट्टीने हे काम करू नये. तिन्ही पात्यांतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा.

बऱ्याच पंख्यांत पिच पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे वाढत जाते. म्हणून तिन्ही पात्यांवर बिंदू अगदी त्याच जागी हवेत, आणि मागच्या कडेच्या वळलेल्या भागापासून दूर. बिंदूंसाठी कागदी चकती छापून मँड्रेलवर ठेवली की काम बिनचूक होतं.

पातं सरळ करायचं तर अॅल्युमिनियमला मर्यादा आहे. टोकाशी थोडं वाकलेलं पातं लाकडी हातोडीने, खाली शिशाचा किंवा कठीण लाकडाचा ठोकळा घेऊन, हलक्या ठोक्यांनी आणता येतं. मुळाजवळ वाकलं असेल तर पंखा भंगारात. मुळाशी डाय-पेनेट्रंटची (भेगेत शिरणाऱ्या रंगाची) फवारणी करून भेग पाहा. लाल रेघ उठली की विषय संपला. जहाजांच्या प्रोपेलरच्या नियमांतही पाण्याला ढकलणाऱ्या बाजूवर मध्यापासून ४० टक्के त्रिज्येच्या आत वेल्डिंगला परवानगी देत नाहीत. छोट्या पंख्यालाही तोच नियम लावा. टिग वेल्डिंगने टोक भरून देणारे कारागीर बरेच आहेत, पण कुठलं मिश्रधातू आहे हे न विचारता रॉड निवडणाऱ्याकडे पंखा देऊ नका. मॅग्नेशियमवाल्या धातूवर सिलिकॉनचा रॉड मारला की जोड ठिसूळ होतो.

आता कानस

खाचा काढताना पुढची कड गोलसर ठेवा, मूळ आकाराप्रमाणे. चाकूसारखी धार केली तर वळणात कॅव्हिटेशन सुरू होतं. मागची कड मात्र बारीक आणि स्वच्छ असावी. ती गोल केली की पंखा शिट्टीसारखा आवाज काढू लागतो. बारीक कानस, मग १२०, २२०, ४०० चा पॉलिश पेपर, एवढं पुष्कळ. आरशासारखी चकाकी आणण्यात गेलेला वेळ वाया. एका पात्यावरून खोल खाच काढून कड आत गेली तर बाकीच्या दोन पात्यांची कडही तेवढीच आत घ्यावी लागते, आणि पंख्याचा भार कमी होऊन आरपीएम थोडा वाढतो.

मागच्या कडेला पाणी ढकलणाऱ्या बाजूकडे दिलेली बारीक वळी म्हणजे कप. पंखा वळणात किंवा लाटांत सुटत असेल तर कप हा सगळ्यात स्वस्त इलाज. तो अर्धा ते एक इंच पिचचं काम करतो आणि आरपीएम साधारण १५० ते ३०० खाली आणतो, म्हणून कप द्यायचा असेल तर मूळ पिच एक इंच कमी हवी. कपचा आतला भाग पूर्ण खोलगट असावा आणि शेवटची कड टोकदार संपावी. घरी पॉलिश करणारे नेमकी हीच कड गोल करतात, कप मारतात, आणि मग आरपीएम का वाढला म्हणून कार्बोरेटर उघडतात.

शेवटी तोल. दोन्ही टोकांना शंकूसारख्या बुशनी पकडलेला मँड्रेल दोन समतल पातळ कडांवर ठेवा. जड पातं खाली येतं. समोरच्या बाजूला मेणाची गोळी चिकटवून किती ग्रॅम जास्त आहे ते शोधा आणि तेवढा धातू जड पात्याच्या पुढच्या, फुगीर बाजूवरून, मधल्या भागात पसरून काढा. कडांवरून नाही, ढकलणाऱ्या बाजूवरून तर मुळीच नाही.

हब, आणि मांजा

इंजिन जोरात फिरतंय पण होडी हलत नाही, अशी तक्रार आली की पात्यांकडे बघू नका. हबमधला रबरी बुश सरकला असेल. पंख्याच्या बाहेरच्या भागापासून आतल्या पितळी नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, सुकू द्या, पूर्ण थ्रॉटलची एक फेरी मारा. रेघ तुटली तर बुश गेला. अर्ध्या थ्रॉटलवर घाट गाठता येतो, त्यापुढे नाही.

उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) शहराजवळच्या पाण्यात चालणारा प्रत्येक पंखा उतरवून पाहावा. पाण्यात पडलेला मांजा पंखा आणि गिअरकेस यांच्या फटीत जातो, शाफ्टवर गुंडाळतो आणि ऑइल सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून थेंबभर काढा: दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. सील बदलून ताजं तेल खालच्या स्क्रूमधून वरच्या भोकापर्यंत भरा. वरून ओतलं तर हवा अडकते. चांदोदला मांजाची जागा नर्मदेला अर्पण केलेल्या साड्या, चुनऱ्या आणि हारांचे दोरे घेतात.

परत बसवताना स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) पाण्यात न धुणारं मरीन ग्रीस, थ्रस्ट वॉशरची निमुळती बाजू गिअरकेसकडे, मग पंखा, स्पेसर, वॉशर, नट. नटचा टॉर्क पुस्तिकेतून घ्या. कॉटर पिन दर वेळी नवी.

पुराच्या होडीसाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोड्याजवळ विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६. अशा पाण्यात होडी रस्त्यांवरून चालते आणि खाली दुभाजक, लोखंडी जाळ्या, बुडालेल्या स्कूटर, तुटलेल्या वायरी असतात. तिथे स्टेनलेसचा पंखा नको. तो पातळ आणि कडक, त्यामुळे उघड्या पाण्यात सरस. पण दुभाजकाला लागला तर धक्का सरळ गिअरवर जातो. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं आणि गिअरकेस वाचवतं. पंख्याभोवती जाळी बसवली तर आरपीएम आणि वेग दोन्ही घसरतात, म्हणून पिचची चाचणी जाळीसकटच घ्या. पाण्यात माणसं उतरलेली असतात तिथे जाळी हवीच, वेग गेला तरी.

पंख्यात प्लास्टिक किंवा जलपर्णी अडकली तर आधी रिव्हर्समध्ये क्षणभर हलका थ्रॉटल द्या. निघालं नाही तर इंजिन बंद करून टिल्ट करा, वल्ह्याने कोरड्या जागी या आणि मग हात घाला. विश्वामित्रीच्या मगरी पुराबरोबर गल्ल्यांत येतात, त्यामुळे मागे वाकून पाण्यात हात घालणं टाळायचं.

होडीत एक तयार जुळवलेला जादा पंखा ठेवा, त्यावर पिच, भार आणि चाचणीचा आरपीएम पक्क्या रंगाने लिहून. सोबत नटचा पाना, लाकडी ठोकळा, दोन नट, चार-सहा कॉटर पिना आणि एक जादा थ्रस्ट वॉशर. बाकी काहीही पाण्यात पडलं तरी जुगाड होतो. थ्रस्ट वॉशर नसेल तर पंखा गिअरकेसवर घासू लागतो, म्हणून तो पिशवीत वेगळा बांधून ठेवा.